मोकळ्या पाण्यातल्या डॉल्फिनचा अभ्यास: कोण कोणासोबत राहतं, हे नोंदवायचं कसं

डॉल्फिनवर काम सुरू करणारे बहुतेक जण आधी कॅमेरा हातात घेतात. हंगामभर बोटीवर जातात, हजारो फोटो साठवतात आणि मग संगणकासमोर बसून विचारतात, ‘यातून कोण कोणाचा सोबती हे काढता येईल का?’ तोवर वेळ निघून गेलेली असते. गट कशाला म्हणायचं हे ठरलेलं नसतं, डॉल्फिन न दिसलेल्या तासांची नोंद नसते आणि लाजाळू प्राण्यांचे फोटोच नसतात. ही भरपाई नंतर कुठलंही सॉफ्टवेअर करून देत नाही.

म्हणून खाली टप्पे ज्या क्रमानं दिले आहेत, त्याच क्रमानं काम करा. सुरुवातीचे तीन टप्पे किनाऱ्यावरच पूर्ण होतात. अनेक जण नेमके तेच गाळतात.

टप्पा १: प्रश्न एका वाक्यात लिहा

‘डॉल्फिनचं समाजजीवन’ हा विषय झाला. प्रश्न असा हवा: ‘पिल्लू झाल्यावर मादी आपल्या आधीच्या सोबतिणींकडे परतते का?’ किंवा ‘बोट जवळ आल्यावर विश्रांती घेणारा गट किती वेळात विश्रांती सोडतो?’ पहिल्या प्रश्नासाठी अनेक वर्षं एकेक प्राणी ओळखता यायला हवा. दुसऱ्यासाठी एकाही प्राण्याची ओळख नसली तरी चालेल, पण बोट नसतानाची निरीक्षणंही तितकीच लागतील. उपकरणं, मनुष्यबळ आणि वर्षं या एका वाक्यावरून ठरतात.

प्रश्न ठरवतानाच प्रजातीचा विचार करा. किनाऱ्याजवळचे बॉटलनोज डॉल्फिन लहान गटांत असतात आणि हे गट काही मिनिटांत, तासांत फुटतात, पुन्हा जुळतात. अशा समाजात आज सकाळी दिसलेल्या गटाला ‘कुटुंब’ म्हणणं चुकीचं ठरतं. स्पिनर डॉल्फिन रात्री खोल पाण्यात अन्न शोधतात आणि दिवसा अनेक ठिकाणी किनाऱ्याजवळच्या उथळ उपसागरांत विसावतात. त्यांना फक्त दिवसा पाहिलंत, तर तुमच्या नोंदीत ते दिवसभर आराम करणारेच दिसतील. गंगेच्या डॉल्फिनच्या पाठीवर ठळक पर नसून बुटका उंचवटा असतो आणि तो क्षणभरच पाण्यावर येतो. पराच्या फोटोवरून ओळख पटवण्याची पद्धत तिथे फारशी उपयोगी पडत नाही.

काळाचा अंदाजही इथेच घ्या. बॉटलनोज मादीचा गर्भकाळ सुमारे एक वर्षाचा असतो आणि पिल्लू साधारण तीन ते सहा वर्षं आईसोबत राहतं. फ्लोरिडातल्या सारासोटा उपसागरात १९७० पासून काम सुरू आहे. तिथे साठी ओलांडलेल्या माद्यांची नोंद आहे. एका हंगामात जे मिळतं तो या आयुष्याचा लहानसा तुकडा असतो. तो उपयोगी असतो, पण त्याच्याकडून ‘आयुष्यभराची मैत्री’ सिद्ध करून घेऊ नका.

टप्पा २: परवाने, आणि स्वतःला घालायच्या मर्यादा

किती अंतरापर्यंत जाता येतं, हे देशानुसार आणि कधी कधी प्रजातीनुसारही बदलतं. अमेरिकेत सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा १९७२ पासून आहे. हवाई बेटांभोवती स्पिनर डॉल्फिनच्या ५० यार्डांच्या आत जायला २०२१ च्या नियमानं बंदी आहे. ज्या पाण्यात काम करणार तिथले नियम लेखी मिळवा. संशोधनासाठी जवळ जाणं, ड्रोन उडवणं, त्वचेचा नमुना घेणं यांची परवानगी सहसा वेगवेगळी मागावी लागते. हे कागद हाती यायला महिने लागतात, म्हणून अर्ज सर्वांत आधी करा.

इशारा: खाऊ घालणं, हात लावणं, प्राण्यांसोबत पोहणं यातलं काहीही अभ्यासाच्या नावाखाली नको. ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे परिसरात, मंकी मिया इथे माणसांकडून मासे घेणाऱ्या माद्यांच्या पिल्लांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं होतं आणि त्यानंतर तिथले नियम कडक करावे लागले. खाऊसाठी बोटीजवळ येणाऱ्या प्राण्याचं वर्तन नोंदवलं, तर त्या नोंदीत तुम्हीच मिसळलेले असता.

टप्पा ३: गट म्हणजे काय, हे पाण्यावर जाण्याआधी ठरवा

या लेखातला एकच टप्पा लक्षात ठेवायचा झाला, तर हा ठेवा.

प्रचलित व्याख्या मुख्यतः दोन प्रकारच्या आहेत. पहिली साखळीची. कोणताही प्राणी गटातल्या किमान एकाच्या १० मीटरच्या आत असेल, तर तो गटात. शार्क बे इथल्या संशोधनात ही वापरली जाते. दुसरी परिसराची. साधारण १०० मीटरच्या आत असलेले, एकाच दिशेनं जाणारे किंवा एकच काम करणारे प्राणी मिळून एक गट.

फरक किती पडतो ते पाहा. सहा डॉल्फिन एका रांगेत आहेत, प्रत्येक जण पुढच्यापासून ८ मीटरवर. दोन टोकांमधलं अंतर ४० मीटर भरतं, तरी साखळीच्या नियमानं ते सहाही एका गटात येतात. सातवा डॉल्फिन त्याच दिशेनं चालला आहे, पण सर्वांत जवळच्यापासून ६० मीटरवर. साखळीच्या नियमानं तो एकटा, परिसराच्या नियमानं सोबती. वर्षभराच्या नोंदींत हा सातवा ‘एकलकोंडा’ ठरेल की ‘मिसळणारा’, हे डॉल्फिननं ठरवलेलं नसतं. ते तुमच्या व्याख्येनं ठरवलेलं असतं.

कोणतीही एक व्याख्या निवडा, पण हंगामाच्या मधे ती बदलू नका. पाणी गढूळ असेल, प्राणी विखरून अन्न शोधत असतील, तर १० मीटरची साखळी पाळणं फार अवघड जातं. तिथे परिसराची व्याख्या घेतलेली बरी. शक्य असेल तर दोन्ही स्तंभ भरा: ‘१० मीटर साखळीत कोण’ आणि ‘१०० मीटरमध्ये कोण’. मेहनत थोडी वाढते, पण पुढे इतरांच्या निष्कर्षांशी तुलना करता येते.

आणखी दोन नियम आधीच लिहून ठेवा. एक, गटात कोणी आलं किंवा गेलं, तर तीच भेट पुढे चालू धरायची की नवी नोंद सुरू करायची. दुसरा, तोच गट त्याच दिवशी पुन्हा दिसला, तर तो मोजायचा का.

मग वर्तनाची यादी. ती दोन भागांत करा. टिकणारी अवस्था वेगळी आणि क्षणात घडणारी घटना वेगळी. अवस्था साधारण पाच पुरतात:

- प्रवास: ठरावीक दिशेनं, सलग पोहणं.
- विश्रांती: संथ हालचाल, एकमेकांजवळ, लयीत वर येणं.
- अन्नशोध: एकाच भागात वारंवार बुड्या, दिशा बदलणं, मासा दिसणं किंवा माशामागे वेगानं जाणं.
- सामाजिक वर्तन: अंगाला अंग घासणं, पराला पर लावणं, पाठलाग, एकमेकांवर लोळणं.
- रेंगाळणं: एकाच जागी, दिशा सतत बदलत, वरच्यापैकी काहीच स्पष्ट नाही.

सहावा रकाना ‘कळत नाही’ असा ठेवा. तो नसेल तर निरीक्षक अंदाजानं कुठल्या तरी रकान्यात खूण करतो. घटनांमध्ये उडी, शेपटी आपटणं, पोट वर करून पोहणं अशा गोष्टी येतात. शब्द डोळ्यांना दिसेल तेवढंच सांगणारे हवेत. ‘शेपटी आपटली’ असं लिहा, ‘चिडला’ नको. ‘वनस्पती परावर अडकवून नेली’ लिहा, ‘खेळला’ नको. अर्थ लावायला पुढे भरपूर वेळ आहे.

तपासणी: दोघा निरीक्षकांनी एकच चित्रफीत न बोलता, वेगवेगळी नोंदवावी. मग दोघांच्या नोंदी किती जुळतात ते कोहेनच्या कप्पा या मापानं काढा (पूर्ण जुळल्या तर १). ०.८ च्या खाली आकडा आला, तर व्याख्या पुन्हा लिहा आणि सराव पुन्हा करा. अंतराचाही सराव लागतो. पाण्यावर १०, ५० आणि १०० मीटरवर तरंगते गोळे सोडा आणि नजरेनं अंदाज घ्या. पूर्ण वाढलेला बॉटलनोज साधारण २ ते ४ मीटर लांब असतो, त्यामुळे पाण्यावर ‘किती अंगांचं अंतर’ असं मोजणं सोपं जातं.

टप्पा ४: बोटीआधी किनारा

उंच कडा किंवा दीपगृहासारखी जागा मिळत असेल, तर पहिले काही आठवडे तिथून बघा. तिथून तुम्ही प्राण्यांच्या वागण्यात ढवळाढवळ करत नाही. बोटीवरून हे शंभर टक्के कधीच साधत नाही. थिओडोलाइट या कोन मोजायच्या उपकरणानं आडवा आणि उभा कोन घेऊन गटाची जागा, वेग आणि दिशा काढता येते. त्यासाठी उपकरणाची समुद्रसपाटीपासूनची उंची अचूक माहीत हवी आणि भरती-ओहोटीनुसार ती दुरुस्त करावी लागते. ही दुरुस्ती विसरली की दूरच्या गटाची जागा बरीच चुकते, कारण तिथे कोन फार लहान असतो. मर्यादा एवढीच की एकेक प्राणी ओळखणं इथून बहुधा जमत नाही.

बोटीसाठीचं सामान फार नाही: १००–४०० मिमीसारखी लांब लेन्स आणि जलद फोकस होणारा कॅमेरा, जीपीएस, दुर्बीण, आवाज नोंदवायचं साधन, पाण्यात न विरघळणारे नोंदीचे कागद आणि पेन्सिल. सकाळी पहिलं काम म्हणजे कॅमेऱ्याचं घड्याळ जीपीएसच्या वेळेशी जुळवणं. सोपा उपाय असा: जीपीएसच्या पडद्यावरची वेळ दिसेल असा एक फोटो दररोज काढा. घड्याळ पुढेमागे झालं असेल, तर त्या एका फोटोवरून सगळी फाइल दुरुस्त करता येते.

टप्पा ५: पाण्यावरचा क्रम

1. वारा आणि लाटा पाहा. वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या ब्यूफोर्ट मापावर ३ पर्यंत काम करा, त्यावर थांबा. पांढरे फेस वाढले की लहान गट आणि पिल्लं नजरेतून निसटतात, उड्या मारणारे मोठे गट मात्र दिसतात. नोंदी एका बाजूला झुकतात त्या अशाच.

2. ठरलेल्या मार्गानं जा. ‘काल जिथे दिसले तिथे जाऊ’ हा मोह आवरा. मार्गाची सुरुवात आज या टोकानं, उद्या त्या टोकानं करा, नाहीतर एक भाग कायम सकाळी आणि दुसरा कायम दुपारी पाहिला जाईल.

3. न दिसलेला वेळही नोंदवा. शोध कधी सुरू झाला, कधी थांबला, किती अंतर कापलं, दृश्यमानता कशी होती, सगळं लिहा. ‘या भागात डॉल्फिन कमी आहेत’ हे वाक्य या नोंदीशिवाय लिहिता येत नाही.

4. गट दिसताच, जवळ जाण्याआधी, त्याचं काम काय चाललं आहे ते लिहा. हीच तुमची सर्वांत शुद्ध नोंद. बोट जवळ गेल्यानंतरचं वर्तन वेगळ्या रकान्यात.

5. बाजूनं किंवा मागून, हळू वेगात जा आणि गटाला समांतर राहा. समोरून आडवं जाणं, गटाच्या मधून जाणं, गोल घेरणं, मागे लागणं हे सगळं टाळा. वेग सारखा बदलू नका. चालकाला वर्तनाची यादी समजावून सांगा. चांगला चालक अभ्यासाचा निम्मा भार उचलतो.

6. पहिल्या पाच मिनिटांत वेळ, जागा, पाण्याची खोली, गटाची संख्या आणि पिल्लांची संख्या घ्या. संख्या तीन आकड्यांत लिहा: कमीत कमी, सर्वांत संभाव्य, जास्तीत जास्त.

7. वेळेची मर्यादा आधी ठरवा आणि ती संपली की निघा. फोटो अपुरे राहिले तरी निघा.

इशारा: बुड्या लांबल्या, गट एकदम दाटला, दिशा पुन्हा पुन्हा बदलली, आई पिल्लाला पलीकडच्या बाजूला घेऊन गेली, तर बोट मागे घ्या. बोटीच्या पुढच्या टोकासमोर पोहायला आलेल्या दोघांवरून ‘यांना आपला त्रास नाही’ असा निष्कर्ष काढू नका. ते दोघं आले. बाकीचे कुठे गेले, तेही पाहा. शार्क बेमध्ये पर्यटक बोटींच्या क्षेत्रात डॉल्फिनची संख्या दीर्घकाळात घटल्याचं २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. ज्यांना त्रास होतो ते निघून जातात, आणि उरलेले निर्धास्त वाटतात.

टप्पा ६: ओळखीचे फोटो

पाठीवरच्या पराच्या मागच्या कडेवरच्या खाचा हीच मुख्य ओळख. शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा, सूर्य पाठीमागे ठेवा आणि पर कॅमेऱ्याला काटकोनात असताना सलग फोटो घ्या. तिरका फोटो खाचेची खोली आणि पराचा आकार दोन्ही बिघडवतो.

इथली सर्वांत मोठी चूक म्हणजे ठळक खुणांच्या प्राण्यांचेच फोटो काढणं. नजर आपोआप फाटक्या पराकडे जाते, कोवळा, स्वच्छ पर सुटतो. समाजाच्या चित्रातून मग तरुण प्राणी गायबच होतात. नियम ठेवा: जो वर येईल त्याचा फोटो, खूण असो वा नसो, आणि जमेल तेव्हा दोन्ही बाजूंनी. प्रत्येक भेटीनंतर आकाशाचा किंवा पाटीचा एक फोटो काढा, म्हणजे एका गटाच्या फ्रेम दुसऱ्यात मिसळत नाहीत.

तपासणी: भेट संपवण्याआधी विचारा, ‘संख्या नऊ लिहिली आहे, तर नऊ वेगवेगळे पर टिपले का?’ खात्री नसेल तर नोंदीवर ‘गटाचे फोटो अपूर्ण’ अशी खूण करा. सहवासाचं गणित करताना अशा भेटी वेगळ्या काढता येतात.

टप्पा ७: वर्तनाची नोंद

‘जे लक्षवेधी घडेल ते लिहू’ ही पद्धत स्वाभाविक वाटते, पण तिच्या आकड्यांवर विसंबता येत नाही. उडी प्रत्येकाला दिसते, शांतपणे सोबत पोहणं कोणी लिहीत नाही. जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये प्राण्यांच्या निरीक्षणपद्धतींची जी मांडणी केली, तिचा गाभा हाच आहे: कोणाकडे, कधी पाहायचं, हे निरीक्षकाच्या कुतूहलावर सोडायचं नाही. अशा उत्स्फूर्त नोंदी ठेवा जरूर, दुर्मिळ घटना त्यातूनच कळतात. मात्र प्रमाण काढायला त्या वापरू नका.

गटाचं काम जाणायचं असेल तर दर तीन किंवा पाच मिनिटांनी घड्याळाची घंटा लावा आणि त्या क्षणी बहुसंख्य प्राणी कोणत्या अवस्थेत आहेत ते लिहा. एकेका प्राण्याचं आयुष्य जाणायचं असेल तर एकच प्राणी निवडून त्याचा मागोवा घ्या. दर मिनिटाला त्याची अवस्था, सर्वांत जवळचा सोबती आणि त्याचं अंतर लिहा. मागोवा कोणाचा घ्यायचा याची यादी सकाळीच करा. पाण्यावर निवड केली तर दर वेळी सर्वांत उत्साही प्राणीच निवडला जातो.

प्राणी दिसेनासा झाला, तर ‘दिसत नाही’ लिहा. मागची अवस्था पुढे ओढू नका.

एकाच प्राण्याच्या साठ मिनिटांच्या साठ नोंदी म्हणजे साठ स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. दहाव्या मिनिटाला विसावलेला प्राणी अकराव्यालाही बहुधा विसावलेलाच असतो. विश्लेषणात तो एक मागोवा हे एक एकक धरा. वीस प्राण्यांचे छोटे मागोवे एका प्राण्याच्या लांबलचक मागोव्यापेक्षा समाजाबद्दल जास्त सांगतात.

ड्रोननं पाण्याखालची हालचाल, पिल्लाची जागा, स्पर्श हे सगळं सुंदर टिपता येतं. परवानगी असेल तर वापरा. उंची ठरलेली ठेवा आणि उडताना-उतरताना गटावरून जाऊ नका.

टप्पा ८: आवाज, जर प्रश्नाला हवा असेल तरच

हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन, ‘जवळ आहे म्हणून’ पाण्यात सोडू नका. बॉटलनोजच्या बहुतेक शिट्ट्या साधारण २ ते २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतात, म्हणून त्यांच्यासाठी ९६ किलोहर्ट्झनं (सेकंदाला ९६ हजार नमुने) नोंदणी पुरते. अन्न शोधतानाचे क्लिक १०० किलोहर्ट्झच्याही वर जातात, त्यासाठी नोंदणीचा वेग कित्येक पट लागतो. प्रत्येक बॉटलनोजची स्वतःची ओळख-शिट्टी असते. तोच नमुना १ ते १० सेकंदांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा येणं ही ती ओळखण्याची एक खूण आहे. परंतु शिट्टी घालताना डॉल्फिनचं तोंड हलत नाही, त्यामुळे एका हायड्रोफोननं ‘कोणी शिट्टी घातली’ हे सहसा सांगता येत नाही. त्यासाठी अनेक हायड्रोफोनची मांडणी लागते.

टप्पा ९: त्याच संध्याकाळी

फोटो दोन वेगळ्या ठिकाणी साठवा, कागदाच्या नोंदींचे फोटो काढा, संगणकात भरा. अक्षर लागत नसेल तर आज आठवतं, आठवड्यानं आठवत नाही. एक भेट म्हणजे एक ओळ, आणि एक प्राणी-भेट म्हणजे दुसऱ्या तक्त्यात एक ओळ, अशी रचना ठेवा. कच्चे फोटो कधी पुसू नका. आज निनावी वाटलेला पर तीन वर्षांनी ओळखीचा निघतो.

टप्पा १०: ओळख पटवणं

फोटोचा दर्जा आणि पराची ठळकता यांना वेगवेगळे गुण द्या. दर्जात फोकस, कोन, प्रकाश आणि पराचा किती भाग दिसतो ते पाहा. पर कितीही ओळखीचा असला तरी वाईट फोटो वाईटच. ही शिस्त मोडली की ठळक प्राण्यांच्या नोंदी वाईट फोटोंतूनही आत येतात, साध्या पराच्या येत नाहीत, आणि ठळक प्राणी जास्त ‘सामाजिक’ भासू लागतात.

जुळवणी कशी करायची ते एका उदाहरणातून. समोर दोन फोटो आहेत. दोन्हींत मागच्या कडेला, टोकापासून एक तृतीयांशावर, चौकोनी खाच आहे. पहिल्यात तिच्या खाली आणखी एक बारीक खाच दिसते, दुसऱ्यात नाही. पहिला फोटो मार्चमधला, दुसरा ऑगस्टमधला. खाच सहसा भरून येत नाही, म्हणून मार्चमध्ये असलेली खाच ऑगस्टमध्ये नाहीशी होणं संशयास्पद आहे. उलट क्रम असता, म्हणजे ऑगस्टमध्ये नवी खाच वाढलेली असती, तर तोच प्राणी असणं शक्य होतं. आता दुसऱ्या फोटोचा कोन पाहा. पर थोडा तिरका आहे का, खालचा भाग पाण्यात आहे का? तसं असेल तर निर्णय राखून ठेवा. कोन सरळ असेल आणि खाच खरोखरच नसेल, तर प्राणी वेगळा.

दातांचे समांतर ओरखडे काही महिन्यांत फिके होतात. ते एकाच हंगामात मदतीला घ्या, कायमची ओळख म्हणून नको. अंगावरचे व्रण एकाच बाजूला असतात, तर कडेची खाच दोन्ही बाजूंनी उलटसुलट दिसते. डाव्या बाजूचा फोटो उजवीशी जुळवताना हे भान ठेवा.

स्वयंचलित जुळवणीची साधनं आता चांगली आहेत. ती संभाव्य नावांची यादी छोटी करतात. अंतिम निर्णय दोन माणसांनी, एकमेकांचं न पाहता घ्यावा. मतभेद राहिला तर ‘अनिश्चित’. दोन प्राण्यांना एक ठरवलं तर एका प्राण्याला दोघांचेही सोबती मिळतात. एका प्राण्याला दोन ठरवलं तर त्याची नाती दोघांत वाटली जातात. दोन्ही चुका चित्र बिघडवतात, आणि नंतर शोधणं फार कठीण.

टप्पा ११: नर, मादी, पिल्लू

पृष्ठभागावरून लिंग ओळखणं बहुतेकदा शक्य नसतं. पोट वर दिसलं तर जननेंद्रियाची चीर आणि मादीत तिच्या दोन्ही बाजूंच्या स्तनचिरा दिसू शकतात. एखादा प्रौढ तेच पिल्लू घेऊन वारंवार दिसला तर मादी मानता येते. एका भेटीत पिल्लाजवळ दिसला एवढ्यावर नाही, कारण इतर प्राणीही पिल्लासोबत पोहतात. पिल्लू आईच्या पोटाखाली, तिच्या अंगाला लागून पोहत असेल, तर तो पुरावा जास्त भक्कम. नवजात पिल्लाच्या अंगावर गर्भातल्या घड्यांच्या फिकट उभ्या रेषा सुरुवातीचे काही महिने दिसतात, त्यांचा फोटो नक्की घ्या. बाकीच्यांपुढे ‘लिंग अज्ञात’ लिहा. ‘मोठा, फाटका, म्हणजे नर’ हा अंदाज नोंदवहीत येऊ देऊ नका.

टप्पा १२: सहवासाचं गणित

दोन प्राणी किती वेळा सोबत दिसले, एवढ्यानं काही कळत नाही, कारण काही प्राणी मुळातच जास्त दिसतात. म्हणून सहवास निर्देशांक काढतात. डॉल्फिनच्या कामात अर्ध-भार निर्देशांक सर्वाधिक वापरला जातो. समजा, ‘अ’ २० दिवस दिसला, ‘ब’ ३० दिवस दिसला आणि त्यातले १० दिवस ते एकाच गटात होते. दोघांच्या दिवसांची सरासरी २५. निर्देशांक १० भागिले २५, म्हणजे ०.४. दोघं एकाच दिवशी पण वेगवेगळ्या गटांत दिसले असतील, तर सूत्रात त्या दिवसांना वेगळी जागा असते. ती गाळू नका. शार्क बेमधल्या नरांच्या जोड्या आणि त्रिकुटांत हा आकडा ०.८ च्या वरही जातो.

गणिताआधी हे ठरवा:

- एकक दिवस ठेवा. एकाच दिवशी तोच गट तीनदा दिसला तर तो तीन पुरावे होत नाही.
- फार कमी वेळा दिसलेल्यांना वगळा. दोनदाच दिसलेल्या आणि दोन्ही वेळा सोबत असलेल्या जोडीचा निर्देशांक १ येतो. तो फसवा असतो. किती वेळांची अट घालायची हे निकाल पाहण्याआधी ठरवा.
- आईवर अवलंबून असलेली पिल्लं वेगळी ठेवा, नाहीतर सर्वांत ‘घट्ट मैत्री’ म्हणून आई-पिल्लाच्याच जोड्या वर येतील.

मग खरी कसोटी. हा सहवास योगायोगानंही घडला असता का? त्यासाठी गटांची संख्या आणि प्रत्येक प्राणी किती वेळा दिसला हे कायम ठेवून सदस्यांची संगणकावर हजारो वेळा अदलाबदल करतात. खरा निकाल या यादृच्छिक निकालांहून वेगळा पडला, तरच आवडीनिवडीबद्दल बोला. डॉल्फिनसाठी ही रीत १९९८ पासून रूढ झाली. ‘सॉकप्रॉग’ हा संगणक प्रोग्रॅम आणि आर या संख्याशास्त्रीय संगणक-भाषेतली पॅकेजं हे काम करून देतात. अदलाबदल एकाच दिवसाच्या गटांमध्ये करा, नाहीतर जानेवारीत मेलेला प्राणी डिसेंबरच्या गटात जाऊन बसेल.

आणि जागेचा हिशेब धरा. दोन प्राणी एकाच खाडीच्या मुखाशी मासे पकडतात म्हणून सोबत दिसत असतील, तर त्यांना एकमेकांची ओढ आहे की त्या जागेची? वावराच्या क्षेत्राची व्याप्ती किती जुळते, तेही गणितात घ्या.

तपासणी: नव्यानं ओळखलेल्या प्राण्यांचा आलेख काढा. दर दिवशी नवे चेहरे येतच असतील, आलेख सपाट होत नसेल, तर समाजाचा मोठा भाग अजून दिसलेलाच नाही. कोण कोणाशी जोडलेलं, या नात्यांच्या जाळ्याचं चित्र छापायची घाई करू नका.

टप्पा १३: लिहिताना

‘मित्र’, ‘नेता’, ‘कुटुंब’ हे शब्द मोजमापानं पेलले तरच वापरा. पुढे पोहणारा नेता असेलच असं नाही. नातं सांगायचं तर जनुकीय पुरावा किंवा जन्मापासूनची नोंद हवी. पद्धतीच्या भागात गटाची नेमकी व्याख्या, शोधाचे तास, हवामानाची मर्यादा, फोटोच्या दर्जाची अट, प्राणी वगळण्याची अट, अपूर्ण भेटींचं काय केलं आणि प्रत्येक जोडीची किती निरीक्षणं मिळाली, हे सगळं द्या. निर्देशांकासोबत त्याच्या अनिश्चिततेची व्याप्तीही छापा. ओळखलेल्या परांची सूची शेजारच्या पाण्यात काम करणाऱ्या संशोधकांशी वाटून घ्या. तुमच्याकडून ‘नाहीसा’ झालेला प्राणी त्यांच्या यादीत वेगळ्या क्रमांकानं असू शकतो.